घाट चढून गेलेली मुशी

मुशी घाट चढून वर गेली आणि तिच्यामागे मी गेलो, असं सांगितलं की आमच्या बंदरावर लोक आधी हसतात, मग माझ्या तोंडाचा वास घेतात. पण गोष्ट खरी आहे. आमच्याकडचा सुका माल दर हंगामात घाटावर जातो, तरी घाट पाहिलेली माणसं आमच्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून लिहायला बसलो. माझी शाळा सातवीत सुटली. वाक्य कुठे गुंतलं तर जाळ्याची गाठ समजावी आणि सोडवून घ्यावी.

आधी मुशीचं सांगतो. मुशी म्हणजे पुस्तकातला शार्क मासा. मी ज्या मॅडमच्या होडीवर काम करतो त्या माशांवर अभ्यास करतात. लांब दोरीच्या गळाला मुशी लागली की तिला होडीच्या कडेला आणायचं, शेपटीला फास घालायचा आणि उताणी करायची. एवढी मोठी मुशी, पण उताणी झाली की गपगार पडते, जणू झोपली. पाकट या चपट्या माशाचंही तसंच, फक्त त्याच्या शेपटीचा काटा सांभाळायचा. मग मॅडम पाठीवरच्या पराशी काठीने एक बारका खिळा रोवतात. खिळ्याला तारेने यंत्र बांधलेलं असतं. लहान काळ्या वांग्याएवढं, आणि वर मांजराच्या मिशीसारखी ताठ तार. मुशी किती खोल गेली, पाणी किती गरम होतं, हे सगळं ते पोटात साठवतं. काही महिन्यांनी आपोआप सुटून वर तरंगतं आणि आभाळातल्या उपग्रहाला थोडं थोडं सांगतं. पण ते यंत्रच हातात आलं तर सगळी हकीकत मिळते. या कामात माझा वाटा म्हणजे शेपटी धरायची.

मॅडमना शोधायचं होतं ते एवढंच, की पोटुशी मुशी पिल्लं घालायला जाते कुठे. ती जागा कळली तर त्या दिवसांत तिथे जाळी टाकू नका, असं बंदराला सांगता येईल. माझ्या बापाच्या होडीत माणसाएवढ्या मुशा यायच्या. माझ्या वेळेला हाताएवढी पिल्लं येतात, आणि आम्ही तीही सुकवून विकतो.

त्या वर्षी एकच पोटुशी मुशी आम्हाला मिळाली होती. तिचं यंत्र वेळेआधीच बोलायला लागलं. बरेच दिवस खोली बदलली नाही की त्याला वाटतं मासा मेला. मॅडमनी संगणकावरचा नकाशा मला दाखवला तर ठिपके पाण्यात नव्हतेच. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यात होते, आणि विखुरलेले, कारण उपग्रहाचा अंदाज कित्येक कोस चुकतो. कुणाच्या तरी जाळ्यात मुशी सापडली असणार, तिला कापून, खारवून, सुकवून माल वर गेला असणार, आणि पोत्यात यंत्रही गेलं असणार. मॅडमना तेव्हा कावीळ झाली होती. यंत्राची बॅटरी संपत आलेली. ती संपली की ते कुठल्या उकिरड्यात पडलंय ते कुणालाच कळणार नव्हतं, आणि पोटुशी मुशीची वाट कायमची पुसली जाणार होती. मॅडम खाटेवरूनच म्हणाल्या, हरी, तू जा.

होडीवर भात रांधायला म्हणून मला घेतलं होतं. तिथून त्यांनी मला इथवर आणलं. नाही कसं म्हणणार? एसटीत बसलो.

आणे

नकाशावरचा सगळ्यात वरचा ठिपका आण्याच्या पठारावर होता आणि सगळ्यात खालचा निरगुडसरच्या शिवारात. मी आधी वर गेलो. पौषाचे दिवस. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे अंगावर चादर ओढायची. माळशेज चढून गाडी वर आली आणि खिडकीतून जो वारा आला, तो मी फक्त बर्फाच्या गोदामात अनुभवला होता. आळेफाट्याला उतरलो तेव्हा दात वाजत होते. चहावाल्याने विचारलं, पावणं, स्वेटर न्हाई? मी मान हलवली. त्याने दुकानामागून स्वतःचा जुना मफलर आणून माझ्या गळ्यात घातला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. तो मफलर अजून माझ्याकडे आहे.

आण्याचं पठार मला दर्यासारखं वाटलं. ओहोटीनंतरचा, खडक उघडे पडलेला. बाजरीची कापलेली ताटं, मेंढरं, आणि आडोसा कुठेच नाही. माझ्याकडे हातात धरायचं एक यंत्र होतं, छपरावरच्या टीव्हीच्या अँटेनासारखं. आपलं वांगं जवळ असेल तर त्यात टिक टिक वाजतं. मी ते उंच धरून माळभर फिरलो. नुसती खरखर. एक मेंढपाळ बराच वेळ बघत होता, शेवटी जवळ येऊन म्हणाला, मालिका लागती का?

त्याला मी खरं ते सांगितलं. समुद्रातला मासा शोधतोय म्हटलं. तो हसला नाही, काळजीने बघायला लागला. त्याने मला पारावर नेलं, पारावरच्यांनी दुकानात. प्रत्येक ठिकाणी मला तीच गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावत होते. शेवटी कुणीतरी म्हणालं, गडी चांगल्या घरचा दिसतो, डोक्यावर परिणाम झालाय. आणि मला आमटी-भाकरी वाढली. आमटी इतकी झणझणीत की डोळ्यातून पाणी आलं, आणि ते रडणं समजून एका म्हातारबाबांनी पाठीवरून हात फिरवला. त्या पठारावर मला कुणी दुखावलं नाही. पण एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. उतरताना ठरवलं, पुढे माशाचं नाव काढायचं नाही.

निरगुडसर

खाली आलो तर वेगळाच मुलूख. कालव्याचं पाणी, उसाचे फड, द्राक्षांचे मांडव, सगळीकडे हिरवं. त्या वर्षांत या बाजूला बिबट्याचं फार झालं होतं. उसातच बिबटे जन्माला येत होते, आणि माणसं दिवेलागणीनंतर एकेकटी बाहेर पडत नव्हती. मला हे तिथे गेल्यावरच कळलं.

चहाच्या टपरीसमोर अँटेना बाहेर काढला मात्र, बबन नावाचा एक बोलका माणूस पुढे आला. फारेस्टचं का, त्याने विचारलं. मी मान हलवली. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, मान हलवली. त्याने त्याला जो अर्थ हवा होता तो घेतला आणि माझ्यासाठी बाक पुसला. माझ्यासाठी कुणी बाक पुसल्याचं मला तरी आठवत नव्हतं. मी बसलो.

मग टोमणे सुरू झाले. आमचे धरून नेलेले बिबटे कुठं ठेवले, साहेब? का तिकडचे आमाला आन आमचे तिकडं? मी कपात बघत राहिलो. आणि तेवढ्यात मांडीवरचं यंत्र वाजलं. टिक. टिक.

टपरीतली माणसं जवळ सरकली. बबन हळूच म्हणाला, तुमच्या खात्याचा पट्टा हाय का बिबट्याच्या गळ्यात? मी उठलो आणि आवाज ज्या बाजूला वाढत होता तिकडे चालायला लागलो. माझ्यामागे आधी पाच-सहा माणसं होती, कालव्यापाशी पोचेपर्यंत अर्धं गाव. मला फक्त वांगं दिसत होतं. मॅडमचं वांगं. सोपानभाऊ नावाच्या शेतकऱ्याच्या वस्तीशी आवाज सगळ्यात मोठा झाला. वस्तीला लागूनच उसाचा फड. कुणीतरी म्हणालं, सोपानच्या उसात बसलंय. बायांनी पोरं उचलली. उसाशेजारच्या वावरात बायांची एक टोळी कांद्याची लागण करत होती, त्या बायाही सरळ उभ्या राहून माझ्याकडे बघायला लागल्या. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण आदल्या दिवशी तेच वाक्य बोलून मी वेडा ठरलो होतो.

सोपानभाऊ शांत माणूस. दिवाळीत त्यांचं वासरू बिबट्याने नेलं होतं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, साहेब, मुक्काम करा, तुमी असला तर पोरं निजतील. त्यांच्या बायकोने, लताबाईंनी, माझ्यासाठी चुलीवर पाणी तापवलं. हातपाय धुवायला गोठ्याकडे गेलो तर दाराच्या मेढीला, शेळ्यांच्या डोक्यावर, लाल दोऱ्याने बांधलेलं आमचं वांगं. मिशी ताठ.

मी काय केलं? काही नाही. गुपचूप सकाळी काढून घेऊ, असं मनात आलं. ज्यांनी माझ्यासाठी पाणी तापवलं त्यांच्या गोठ्यावरून चोरी करायचा विचार करत मी त्यांच्या पाटावर जेवायला बसलो. लताबाईंनी मासवडी केली होती. नाव ऐकून मला आनंद झाला. बेसनाच्या वड्या, आत तीळ आणि खोबरं, वर काळा रस्सा. मी पहिली वडी फोडून आत शोधत होतो तेव्हा लताबाई म्हणाल्या, काय बघता? मासा नसतो त्यात. त्या हसल्या. मीही हसलो. आमच्याकडे पाहुणा आला की सगळ्यात मोठा तुकडा त्याच्या ताटात. इथेही तसंच. सोपानभाऊंच्या ताटात माझ्यापेक्षा वड्या कमी होत्या.

कांद्याचं वावर

सकाळी उठलो तर सोपानभाऊ वावराच्या बांधावर बसलेले. टोळी निघून गेली होती. डोंगरातल्या, भीमाशंकरच्या बाजूच्या बाया दरवर्षी लागणीला खाली येतात, वस्तीवरच्या खोपीत राहतात. पहाटेच चूल विझवून, गाठोडी घेऊन त्या एसटीच्या रस्त्याला लागल्या होत्या. बिबट्याच्या भीतीने गेल्या, असं सोपानभाऊ म्हणाले. वावरात वाफे बांधून तयार, पाणी सोडलेलं, आणि बांधावर उपटून ठेवलेल्या कांद्याच्या रोपाच्या जुड्या. रोप एकदा उपटलं की थांबत नाही. पोत्याने झाकलं तरी दुपारपर्यंत मान टाकतं, दुसऱ्या दिवशी कामातून जातं. दुसरी टोळी आयत्या वेळी कुठून मिळणार? शेजारचीही माणसं उसाजवळ यायला तयार नव्हती. सोपानभाऊंनी वर्षाचा कांदा त्या जुड्यांमध्ये धरला होता.

मी मागे वळलो तर लताबाई माझी पिशवी हातात घेऊन उभ्या. आतलं यंत्र चालूच राहिलं होतं. त्या ते घेऊन उसाकडे चार पावलं गेल्या, मग गोठ्याकडे आल्या, मग मेढीपाशी. मला म्हणाल्या, "पावणं, हे उसाकडं नेलं की बारीक वाजतं आन माझ्या शेळ्यांपाशी आणलं की बोंबलतंय. बिबट्या काय माझ्या गोठ्यात बसलाय व्हय?"

रात्रीपर्यंत मी साहेब होतो. सकाळी पावणं झालो होतो. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. मुशी, होडी, शेपटी, मॅडमची कावीळ, आण्याची आमटी. बोलताना एकदाही वर बघितलं नाही.

लताबाईंनी वांगं सोडून तळहातावर घेतलं. मंचरच्या बाजारात सुक्या मुशीच्या पाटीत ते निघालं होतं. विकणारी म्हणाली, समुद्रातल्या वाघाच्या अंगात होतं, गोठ्याला बांधा, तुमचा वाघ येणार नाही. त्यांनी बांधलं, आणि खरंच तेव्हापासून बिबट्या फिरकला नव्हता.

"आन हे आभाळाशी बोलतंय?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"एवढे दिवस माझ्या गोठ्यावरनं बोलत व्हतं, आन आमाला पत्ता न्हाई." मग त्यांचा आवाज बदलला. "तुमी काल बोलला असता तर मी हसले असते राव, न्हाई कशाला म्हणू. पण रोप तरी लागलं असतं."

सोपानभाऊंनी मोटारसायकल काढली आणि मानेने मला मागे बसायला सांगितलं.

टोळी एसटीच्या थांब्यावर होती. गाडी यायची होती. मला बघताच बायांनी गाठोडी अंगाशी ओढली. त्यांची म्होरकी चिमाबाई, माझ्या आईच्या वयाची, तेवढी उभी राहिली. मी तिला म्हणालो, उसात बिबट्या नाही, मी खोटं वागलो, चला परत. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"बिबट्या न्हाई असं कोण म्हणतं? रोज त्याच्या पावलांवरनं आमी पाण्याला जातो. बिबट्याला भिऊन आमी कवा काम सोडलंय?"

"मग?"

"तू फारेस्टवाला न्हवं?"

मग उलगडा झाला. बायांनी खोपीतल्या चुलीसाठी कालव्याकडेच्या सरकारी झाडांच्या फांद्या तोडल्या होत्या. डोंगरात मोळी डोक्यावर दिसली की फारेस्टवाले नाव विचारतात, गाव विचारतात. इथे माणूस यंत्र घेऊन आला, अर्धं गाव मागे, आणि साहेब वस्तीवरच मुक्कामाला राहिला. त्यांना वाटलं, आपलीच चौकशी. फांद्या रात्रीच कालव्यात सोडल्या आणि पहाटे निघाल्या. बिबट्याला न भिणाऱ्या बाया मला भिऊन पळाल्या होत्या. मला, ज्याने जन्मात कुणाला घाबरवलं नाही, ज्याला मासळी बाजारातल्या बायाही दटावतात. बाक पुसून दिला म्हणून मी बसलो होतो ना, त्याची ही दुसरी बाजू.

मी तिला म्हणालो, मावशी, मी फॉरेस्टचा नाही. कोळी आहे. दर्यावरचा.

तिने गाठोडं खाली ठेवलं. "कोळी तर आमीबी हाय. डोंगरचे. पण आमच्यात असं दुसऱ्याची टोपी घालून कुणी फिरत न्हाई." मागच्या बाया हसल्या. मग तिने माझे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. दोरीने पडलेले घट्टे तिने अंगठ्याने दाबून पाहिले. बायांकडे वळून ती म्हणाली, गडी कामाचा हाय, खोटा हाय पण कामाचा हाय, उठा. आणि मला म्हणाली, आमच्या मागं पळायचं न्हाई, आमच्या संगट वाकायचं.

परत आलो तेव्हा ऊन चढलं होतं. काही जुड्यांनी मान टाकली होतीच. मी चिखलात उतरलो. अंगठ्याने रोप दाबायचं, वीतभर सरकायचं, पुन्हा दाबायचं. त्या बाया बोलत, हसत, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढत पुढे जात होत्या, आणि मी होडीवर कंबर मोडून घेतलेला माणूस त्यांच्या मागे पडत होतो. चिमाबाई माझ्या मागून येऊन माझी आडवी पडलेली रोपं सरळ करत होती. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. तिने मारला नाही. बांधापलीकडे ऊस सळसळत होता. मधूनच मी तिकडे बघायचो, आणि एक बाई म्हणायची, बघ बघ, तुझा पट्टेवाला.

दुपारी टोळीने आपल्या गाठोड्यातली नाचणीची भाकरी सोडली. त्यातली अर्धी मला दिली. आमच्याकडे भाकरी तांदळाची, पांढरी. ही काळी, जाड, वर लसणाची चटणी. मी दोन्ही हातांनी घेतली. घ्यायला लाज वाटत होती आणि भूकही लागली होती, आणि भूक मोठी ठरली.

सूर्य उसामागे गेला तरी सगळं वावर झालं नाही. रोपच उरलं नव्हतं लावण्याजोगं. कडेचे वाफे तसेच, पाणी पिऊन रिकामे. सोपानभाऊ त्यांच्याकडे बघत उभे होते. मी त्यांच्याशेजारी उभा राहिलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, झालं ते झालं, भाऊ. भाऊ हा शब्द त्यांनी मला पहिल्यांदाच वापरला, आणि साहेब म्हणाले होते त्यापेक्षा तो मला जड गेला.

निघताना लताबाईंनी वांगं फडक्यात बांधून दिलं. मग रिकाम्या मेढीकडे बघून म्हणाल्या, आता हितं काय बांधू?

मी काहीही सांगितलं असतं तरी त्यांनी बांधलं असतं. शंख, कवडी, माझ्या गळ्यातला मफलर. मी मुशी हातात धरणारा माणूस होतो, माझा शब्द चालला असता. मी म्हणालो, वहिनी, त्याने काही होत नव्हतं. बिबट्या आपला आपण आला नाही. गोठ्याला दार बसवा, आतून कडी लागेल असं. त्यांना ते आवडलं नाही. तोंडावर दिसलं मला. एक आधार काढून नेत होतो आणि बदल्यात सल्ला देत होतो.

मॅडम बऱ्या झाल्या. यंत्र उघडलं, सगळं शाबूत निघालं. पोटुशी मुशी कुठून कुठे गेली, किती खोल, सगळं. एका खाडीच्या तोंडाशी ती पुन्हा पुन्हा येत होती. ती खाडी आम्ही सगळे ओळखतो, पिल्लांसाठी आमची जाळी तिथेच लागतात. मॅडमनी बंदरावर सभा घेतली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, हे हरीमुळे मिळालं. टाळ्या झाल्या. मी मान खाली घालून बसलो, तर लोकांना तो माझा साधेपणा वाटला.

फाल्गुनात मी एसटीडीच्या खोक्यातून निरगुडसरच्या दुकानात फोन लावला. दुकानदाराने पोरगं पाठवून सोपानभाऊंना बोलावून आणलं. कांदा कसा आहे विचारायला माझी जीभ वळेना, म्हणून गोठ्याचं विचारलं. म्हणाले, दार बसवलं, बिबट्या दोनदा येऊन नख्या मारून गेला, दार टिकलं. मग मी कांद्याचं विचारलं. बरा हाय म्हणाले. आणि कडेचे वाफे?

"ते व्हय? मोकळे राहिले व्हते. लतानं मेथी टाकली त्यात. लई आली. येऊन न्यायची व्हती तुमी."

मी येतो म्हणालो. त्यांच्या मागे दुकानात कुणीतरी साखर मागत होतं, आणि आमच्यापैकी कुणीच फोन ठेवत नव्हतं.